ताट आईबापांचे, पोट बाळाचे

आपल्याकडे माणसाची विचारपूस जेवणापासून सुरू होते. पुण्याहून, नाशिकहून किंवा कोल्हापुराहून आजीचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "बाळ जेवतंय ना गं नीट?" या प्रश्नाला सरळ "हो" म्हणणाऱ्या आया सांता क्लारात फार थोड्या असाव्यात. मूल दीड वर्षाचे असो की चार वर्षांचे, तक्रार तीच. भाजी थुंकून टाकतो. वरणभाताखेरीज कशाला हात लावत नाही. एकच घास गालात धरून अर्धा तास बसते. मोबाईलवर गाणे लावल्याशिवाय तोंडच उघडत नाही. आणि शेवटी सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य : "काही म्हणजे काही खात नाही हो!"

आपल्या भागातल्या घरांचा दिनक्रम डोळ्यांपुढे आणा. आईबाप दोघेही नोकरीला. सहाच्या सुमारास पाळणाघर बंद व्हायच्या आत, 101 वरच्या मोटारींच्या रांगेतून वाट काढत मुलाला आणायचे. साडेसहाला घरी, सातला कुकर, साडेसातला ताटे आणि साडेआठला मूल झोपायला हवे. दिवसभरात सगळे कुटुंब एके ठिकाणी असते ते जेमतेम तास दीड तास, आणि नेमका तोच वेळ विनवण्या, धाकदपटशा आणि रडारड यांत जातो. दोन घास कमी गेले तर ते दुसऱ्या दिवशी भरून निघतात. हा तास मात्र रोज असा गेला तर मुलाला जेवणाचाच वीट येतो, आणि आईलाही. म्हणून या विषयाकडे जरा शांतपणे पाहू या.

भूक अचानक कुठे गेली?

पहिल्या वर्षात बाळाचे वजन जवळजवळ तिप्पट होते. जन्मतः तीन किलोचे असलेले बाळ पहिल्या वाढदिवसाला नऊ-साडेनऊ किलोचे होते. याच गतीने ते वाढत राहिले तर दुसऱ्या वाढदिवसाला सत्तावीस किलोचे व्हायचे! तसे काही होत नाही. दुसऱ्या वर्षभरात वजन सरासरी दोन-अडीच किलोंनीच वाढते. वाढीचा वेग मंदावला की भूकही मंदावते. कालपर्यंत वाटीभर खिमट चाटूनपुसून खाणारे बाळ आज चार घासांत तोंड फिरवते, यात बहुतेक वेळा आजार नसतो. शरीराचा हिशेब बदललेला असतो.

याच सुमारास दुसरीही एक गोष्ट घडते. साधारण दोन ते सहा या वयात मुले अनोळखी पदार्थाला बिचकतात. हिरवे दिसले की मान हलते. कालचीच भाजी आज वेगळी चिरली तरी ती त्यांना परकी वाटते. ही सवय निसर्गाने रक्षणासाठी दिली असावी असे शास्त्रज्ञ मानतात. नुकत्या चालायला लागलेल्या मुलाने दिसेल तो पाला तोंडात घातला असता तर मनुष्यजात कशी टिकली असती? ही भीती हळूहळू ओसरते. आपण तिला हट्टीपणा समजून तिच्याशी लढाई सुरू करतो आणि ती लांबवतो.

तिसरी गोष्ट आपल्या मापाची. लहान मुलाला एका वेळी एका पदार्थाचा वाढप किती असावा, याचा एक साधा अंदाज आहे : जितकी वर्षे, तितके जेवणाचे मोठे चमचे. दोन वर्षांच्या मुलाला दोन चमचे भाजी, दोन चमचे वरण, दोन चमचे भात. आपण वाटी भरून ठेवतो आणि ती संपली नाही म्हणून कष्टी होतो.

दहावा पर्सेंटाइल म्हणजे नापास नव्हे

डॉक्टरांकडे वजन झाले की पडद्यावर वक्ररेषांचा तक्ता येतो आणि डॉक्टर सांगतात, "दहावा पर्सेंटाइल." आपण गुणवत्ता यादीच्या वातावरणात वाढलेली माणसे. दहावा आकडा ऐकताच मूल नापास झाल्यासारखे तोंड होते आणि त्या रात्रीपासून ताटात तुपाची धार वाढते. त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की त्याच वयाच्या शंभर निरोगी मुलांत दहा याच्याहून हलकी आणि नव्वद जड आहेत. कुणीतरी दहावे असणारच. मूल आपल्या रेषेला धरून वर जात आहे की रेषा सोडून खाली घसरत आहे, हे डॉक्टर पाहतात. दहाव्या रेषेवरून शांतपणे चाललेले मूल ठीक असते. साठाव्यावरून पंधराव्यावर आलेल्या मुलाची चौकशी करावी लागते.

"हे तक्ते अमेरिकन मुलांचे, आपली मुले मूळचीच लहानखुरी," असेही पुष्कळदा ऐकू येते. दोन वर्षांखालील मुलांसाठी इथले डॉक्टर जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते वापरतात. 2006 साली प्रसिद्ध झालेले हे तक्ते ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील साडेआठ हजारांच्या आसपास मुलांच्या मोजमापांवरून तयार केले आहेत. भारतातली मुले होती दक्षिण दिल्लीची. अमेरिकेतली होती डेव्हिसची. हे डेव्हिस आपल्याच कॅलिफोर्नियात, सांता क्लारापासून मोटारीने सुमारे दोन तासांवर आहे. आईचे दूध, पुरेसे अन्न आणि स्वच्छता मिळाली तर सहाही ठिकाणच्या मुलांची उंची जवळजवळ सारखीच वाढते, असे त्यात आढळले. तेव्हा तक्ता परका मानू नये, आणि त्याला घाबरूही नये.

कामाची वाटणी

या सगळ्या गोंधळातून वाट काढणारे एक सूत्र अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडले. मुलांच्या आहारावरचे त्यांचे पहिले पुस्तक 1983 साली निघाले. सूत्र असे : काय वाढायचे, केव्हा वाढायचे आणि कुठे बसून जेवायचे हे आईबापांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती खायचे हे मुलाने ठरवावे. दोघांनी आपापले काम करावे आणि दुसऱ्याच्या कामात हात घालू नये.

ऐकायला सोपे वाटते. आपल्या घरांत मात्र नेमके उलटे चाललेले असते. काय शिजवायचे हे मूल ठरवते : "मला नूडल्सच पाहिजेत." आणि किती खायचे हे आपण ठरवतो : "एवढे संपल्याशिवाय उठायचे नाही."

मूल स्वतः ठरवू लागले तर उपाशी राहील, ही धास्ती साहजिक आहे. शिकागोच्या बालरोगतज्ज्ञ क्लारा डेव्हिस यांनी 1920 आणि 1930 च्या दशकांत याचीच परीक्षा घेतली. नुकतेच अंगावरचे दूध सुटलेल्या 15 बाळांपुढे त्यांनी साधे, साखर नसलेले पदार्थ ठेवले. यादीत एकूण 34 पदार्थ होते. शेजारी परिचारिका चमचा घेऊन बसे. पण बाळाने एखाद्या भांड्याकडे हात केल्याशिवाय तिने काही द्यायचे नाही आणि सुचवायचेही नाही. मुलांची जेवणे विचित्र झाली. आज नुसती अंडी, उद्या नुसती केळी. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. तरी महिन्यांचा हिशेब केला तेव्हा सगळी मुले चांगली पोसली गेली होती. मुडदूस असलेल्या एका बाळाने कॉड माशाचे तेल आपणहून घेतले आणि बरे झाल्यावर ते घेणे सोडून दिले.

या प्रयोगाचा अर्थ मुलाच्या हाती फ्रिजची किल्ली द्यावी असा नाही. ते 34 पदार्थ मोठ्यांनी निवडलेले होते. त्यांत बिस्किटे, चॉकलेट, फरसाण काहीच नव्हते. निवड आईबापांची, प्रमाण मुलाचे. सूत्र तेच.

आग्रह आणि आमिष

आग्रह हा आपल्या पंगतीचा प्राण. मुलांच्या बाबतीत त्याचा परिणाम उलटा होतो. पेनसिल्व्हेनियात लहान मुलांना सूप देऊन केलेला एक अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. ज्या सूपसाठी "संपव, संपव" असा लकडा लावला ते मुलांनी कमी प्यायले, आणि नावे ठेवली ती निराळीच.

आमिषाचेही तसेच. "भाजी संपव, मग आइसक्रीम," असे म्हटले की मुलाला दोन धडे मिळतात. भाजी ही शिक्षा आहे आणि आइसक्रीम हे बक्षीस आहे. मुलांच्या आवडीनिवडींवर आयुष्यभर काम केलेल्या लीन बर्च यांनी 1984 साली दाखवले, की बक्षिसासाठी प्यायला लावलेले पेय मुलांना पुढे आधीपेक्षा कमी आवडू लागते. नवा पदार्थ मुलाच्या ओळखीचा होतो तो पुनःपुन्हा समोर आल्याने, आणि त्यासाठी दहा-पंधरा वेळाही लागू शकतात. आपण तिसऱ्या वेळीच "याला दुधी आवडत नाही" असा निकाल लावतो, आणि मूल तो निकाल पाठ करते.

आजीचे काय करायचे?

इथे खरी अडचण येते. भरवणे ही आपल्याकडे मायेची भाषा आहे. उष्टावणाच्या दिवशी मामाच्या मांडीवर पहिला घास, मग चिऊकाऊचे घास, मग गच्चीवर चांदोबा दाखवत दहीभात. आजी सहा महिन्यांसाठी येते ती नातवाला भरवण्याची हौस मनात धरून. तिला "भरवू नका" म्हणणे म्हणजे मायाच नाकारल्यासारखे वाटते.

तिची काळजीही पोकळ नाही. गोवर आणि हगवण लहान मुले हिरावून नेत, तो काळ तिने पाहिला आहे किंवा आईकडून ऐकला आहे. त्या काळी बाळाच्या अंगावरचे बाळसे ही आजारपणासाठी ठेवलेली पुंजी असे. इथल्या घरात तो धोका उरलेला नाही, पण भीती उरली आहे. सुनेने हे ओळखले तर बोलण्यातला काटा निघून जातो. "डॉक्टर नको म्हणतात" असे सांगण्यापेक्षा, "आई, तुम्ही त्याच्या शेजारी बसून जेवा ना. तुमच्या ताटातलं बघितलं की तो आपणहून मागतो," असे म्हणून पाहावे. आजीला कामही मिळते आणि मानही राहतो.

भरवणे अजिबात बंद करावे असेही नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला भरवावेच लागते. मोठे मूलही दमून आले तर आजीकडून चार घास मागते. पथ्य एकच : मान फिरवली की हात खाली. गाल धरून, नाक दाबून, रडताना उघडलेल्या तोंडात घास सारणे कधीच नको. त्याने मूल घाबरते, आणि घास श्वासनलिकेत जाण्याचे भय असते ते वेगळेच.

आणि हे खूळ अमेरिकेचे, असेही कुणी समजू नये. मारिया मॉन्टेसरी यांच्या रोममधल्या बालगृहात 1907 नंतर चार वर्षांची मुले स्वतः सूप वाढून एकमेकांना जेवू घालत. मुलाने आपले काम आपल्या हातांनी करावे, हे मॉन्टेसरींचे तत्त्व भावनगरला गिजुभाई बधेकांनी आणि ताराबाई मोडकांनी आपल्या मातीत रुजवले. पुढे ताराबाई व अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला तेच काम खेड्यातल्या मुलांसाठी केले. आज भारतभर रूढ झालेली अंगणवाडीची कल्पना त्याच कामातून आली. मुलाच्या हाती वरणभाताचा चमचा देणे हे आपल्याच परंपरेला धरून आहे.

मोबाईल आणि दुधाची बाटली

पडद्याकडे पाहत असलेले मूल घास गिळते, पण जेवत नाही. चव, वास, पोट भरल्याची जाणीव, काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोट भरल्याची जाणीव लहानपणी बोथट झाली तर ती पुढे जाड अंगाच्या रूपाने भेटते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना जेवणाच्या वेळी पडदे बंद ठेवायला सांगते. नियम सर्वांना सारखा हवा. बाबांचा फोन ताटाशेजारी उजेड पाडत असेल तर मुलाला सांगण्यात अर्थ नाही.

दुसरा चोर दूध. "जेवत नाही तर निदान दूध तरी पिऊ दे," म्हणून दिवसाला चार-पाच बाटल्या दिल्या जातात. दुधाने पोट भरते, मग जेवणाला भूक उरत नाही, म्हणून पुन्हा दूध. दुधात लोह जवळजवळ नसते. अशा गुटगुटीत, फिकट मुलांमध्ये रक्तक्षय सापडतो, आणि रक्तक्षयाने भूक आणखी मरते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात 16 ते 24 औंस, म्हणजे सुमारे अर्धा ते पाऊण लिटरपर्यंत दूध पुरे. त्यानंतरही त्याहून जास्त नको. पहिल्या वाढदिवसानंतर बाटली सोडवून पेला द्यावा. बाटली तोंडात घेऊन झोपल्याने दातही किडतात. इथे वर्षाच्या तपासणीला हिमोग्लोबिन पाहतात. तो आकडा आपणही विचारून घ्यावा.

शाकाहारी घरांनी लोहाकडे मुद्दाम लक्ष द्यावे. मोड आलेली मटकी, मसूर, चवळी, अळीव, नाचणी, पालेभाज्या. आणि वर लिंबू पिळायला विसरू नये, कारण त्याने लोह शरीरात चांगले शोषले जाते. चहाने नेमके उलटे होते. आजोबांच्या बशीतला चहा कितीही गोड वाटला तरी लहान मुलाला नको.

रोज काय करावे?

खाण्याच्या वेळा बांधून घ्याव्यात : तीन जेवणे आणि मधली दोन खाणी, दर दोन-तीन तासांनी. मधल्या वेळात फक्त पाणी. मोटारीत बसल्यावर हातात दिलेल्या बिस्किटांच्या पुड्याने रात्रीचे जेवण जाते, हे लक्षात ठेवावे.

स्वयंपाक सगळ्यांना एकच. मुलासाठी निराळा पास्ता उकळू नये. मात्र टेबलावर त्याच्या ओळखीचा एक तरी पदार्थ असावा, मग तो पोळीचा तुकडा असो, दही असो की साधा भात. भाजीत तिखट घालण्याआधी त्याची वाटी काढून ठेवावी. भांडी मधे ठेवून त्याला छोट्या डावाने स्वतः वाढून घेऊ द्यावे. सांडेल. खाली जुने वर्तमानपत्र अंथरावे.

नवी भाजी एक चमचाच वाढावी आणि तिच्याविषयी काही बोलू नये. त्याने ती नुसती हुंगली, बोटाने दाबली, चाटून परत ठेवली तरी ती ओळखच आहे. भोपळा आज भाजी म्हणून नको असेल तर पुढच्या आठवड्यात भरीत, त्यानंतर घारगे. पण लपवून घालू नये. फसवल्याचे एकदा कळले की मूल पोळीकडेही संशयाने पाहते.

वीस-पंचवीस मिनिटांनी, त्याचे खाणे थांबले असेल तर, ताट उचलावे. तोंड वाकडे न करता म्हणावे, "झालं ना पोट? बरं." थोड्या वेळाने तो भूक लागली म्हणाला तर पुढची वेळ सांगावी. रात्रीच्या जेवणाविषयी फार धाकधूक वाटत असेल तर झोपण्यापूर्वी एक ठरलेले, साधे खाणे ठेवावे. मात्र ते रोज ठेवावे, जेवण नाकारल्याची भरपाई म्हणून नव्हे.

मुलाला बाजारात न्यावे. हे खोरे एके काळी जर्दाळू, प्रून आणि चेरी यांच्या बागांसाठी प्रसिद्ध होते. अजूनही उन्हाळ्यात शेतकरी बाजारात ही फळे ढिगाने येतात. एक भाजी त्याला निवडू द्यावी. एल कमिनो रियालवरच्या दुकानातून आणलेली मेथी त्याच्यापुढे टाकून निवडायला बसवावे, मटार सोलायला द्यावेत. आपण सोललेला मटार तोंडात टाकायला फारसा आग्रह लागत नाही.

शाळेत जाणाऱ्या मुलांविषयी एक कोडे आया नेहमी सांगतात : शिक्षिका म्हणते सगळे खातो, घरी मात्र काही नाही. कॅलिफोर्नियाच्या सरकारी शाळांत 2022-23 पासून सर्व मुलांना न्याहारी आणि दुपारचे जेवण मोफत मिळते. तिथे शेजारी मित्र खात असतात, वेळ ठरलेली असते आणि घास मोजणारे कुणी नसते. घरीही नेमके हेच करता येते.

सावधगिरी, आणि डॉक्टरांची वेळ

चार वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, गाजराचे कच्चे तुकडे आणि अख्खी द्राक्षे देऊ नयेत. ती घशात अडकतात. द्राक्षे उभी चिरून द्यावीत. दाण्यांचे कूट पदार्थात घातलेले चालते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, बाळगुटीतूनसुद्धा नको. त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते.

आणि सगळेच नखरे नसतात. वजन घटत असेल किंवा रेषा सोडून खाली येत असेल. गिळताना वारंवार ठसका लागत असेल. पुन्हापुन्हा उलटी होत असेल. खाण्याचे पदार्थ बोटांवर मोजण्याइतके असून त्यांतलेही एकेक सुटत असतील. मऊ किंवा दाताने चावायचा असा एखादा सबंध प्रकारच मूल तोंडात घेत नसेल. तर "मोठा झाला की खाईल" म्हणत थांबू नये. डॉक्टरांना सांगावे. खाणे-गिळणे शिकवणारे थेरपिस्ट असतात. मुलाच्या एकूण वाढीत, बोलण्यात किंवा चालण्यात विलंब दिसत असेल, तर तीन वर्षांखालील मुलांसाठी कॅलिफोर्नियात 'अर्ली स्टार्ट' ही सरकारी योजना आहे. सांता क्लारा काउंटीत तिचे काम सॅन अँड्रियास रीजनल सेंटर पाहते, आणि तिथे आईबाप स्वतः फोन करू शकतात. यात लाजण्यासारखे काही नाही.

बाकीच्या मुलांसाठी धीर हेच औषध. नवी शिस्त लावल्यावर पहिले आठ-दहा दिवस जड जातील. मूल परीक्षा पाहील. एखाद्या रात्री फक्त दोन घास खाऊन उठेल. तेव्हा एका जेवणाचा हिशेब न करता आठवड्याचा करावा; सोमवारचा उपास बुधवारी भरून निघालेला दिसेल. दोन्ही आजी-आजोबांना आधीच विश्वासात घ्यावे, म्हणजे मध्येच कुणी बिस्किटाचा पुडा काढणार नाही. आणि टेबलावर जेवणाखेरीज दुसरे काहीतरी बोलावे : शाळेत कोण पडले, खारीने काय पळवले, बाबा लहानपणी कोणत्या झाडावर चढत. मूल गोष्ट ऐकता ऐकता हात पुढे करील. त्याने काय उचलले ते पाहू नका. गोष्ट पुढे चालू ठेवा.